नाका ओलांडला की घर पावच उरतं

बांद्यात एक हिंदू गृहस्थ राहतो, पेडण्यात दुसरा. मध्ये पत्रादेवीचा नाका. दोघांनी लग्नानंतर, स्वतःच्या कमाईतून ८० लाखांचं घर बांधलं असं समजा. दोघांनाही एक मुलगा, एक मुलगी. दोघंही मुलावर सारखेच चिडलेले.

बांद्याचा गृहस्थ साध्या कागदावर मृत्युपत्र लिहितो, दोन साक्षीदारांसमोर सही करतो, त्यांच्या सह्या घेतो आणि अख्खं घर मुलीला, पुतण्याला नाहीतर देवळाला देऊन मोकळा होतो. स्टँप पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. पेडण्याच्या गृहस्थालाही हेच करायचं आहे. त्याला मनासारखं कितीचं वाटप करता येईल?

२० लाखांचं!

मग ६० लाख गेले कुठे? पहिले ४० लाख त्याचे कधी नव्हतेच. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर लग्नाबरोबर नवराबायकोची मालमत्ता एकत्र होते आणि निम्मी निम्मी दोघांची ठरते. पगार नवऱ्याचा, घर नवऱ्याच्या नावावर, बायकोने आयुष्यात एक रुपया कमावलेला नाही, तरी निम्मं घर तिचं. तेही नवरा जिवंत असतानाच! उरले ४० लाख. त्यातला निम्मा हिस्सा मुलांसाठी राखीव. बापाची इच्छा असो वा नसो. म्हणजे स्वतः बांधलेल्या घरातला चौथा हिस्सा तेवढा त्याच्या मर्जीचा.

हा हिशेब आला कुठून? लिस्बनहून. पोर्तुगालने १८६७ साली आपली नागरी संहिता केली आणि १८७० मध्ये ती गोव्यातही लागू झाली. त्यात वारसा ठरवताना मुलगा-मुलगी असा फरकच नव्हता. महाराष्ट्रात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळायला १९९४ उजाडलं, हे लक्षात घ्या. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण संहिता तशीच चालू राहिली. आणि पोर्तुगाल? त्यांनी १९६७ मध्ये नवी संहिता लागू करून जुनी निकालात काढली. माहेरी मोडीत घातलेलं घड्याळ सासरी बिनचूक वेळ दाखवत राहावं, तसा हा प्रकार! वारसाहक्काचा भाग गोवा विधानसभेने २०१२ मध्ये स्वतःच्या कायद्यात घातला आणि २०१६ पासून तो अमलात आला. राखीव हिस्सा मात्र तिथेही कायम.

(या कायद्याचे गोडवे गाणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. १८८०च्या एका फर्मानाने हिंदू पुरुषाला, ठरावीक वयापर्यंत बायकोला मूल किंवा मुलगा झाला नाही तर, दुसऱ्या लग्नाची सवलत दिली होती. आदर्श म्हणून मिरवताना तेही सांगावं.)

आता पेडण्याचा गृहस्थ काय गप्प बसेल? तो पळवाटा शोधतो. आणि खरी गंमत इथून पुढे आहे, कारण दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनी त्याला आधीच ओळखलं होतं.

जिवंतपणीच मुलीला बक्षीस द्यावं? देता येईल, पण वाटणीच्या वेळी ते बक्षीस हिशेबात परत धरतात. भावाच्या राखीव हिश्श्याला धक्का लागत असेल, तर तेवढं कापलं जातं. बरं, मग मुलीला घर विकल्याचंच दाखवलं तर? मुलाला किंवा मुलीला विकायचं तर बाकीच्या मुलांची संमती लागते. मुलाला बेदखल करावं? त्याची कारणं कायद्याने ठरवून दिली आहेत. आईबापांविरुद्ध गंभीर गुन्हा, विनाकारण त्यांना न पोसणं, अशी. कारण मृत्युपत्रात लिहावं लागतं. ‘फोन करत नाही’ हे कारण चालत नाही.

शेवटची पळवाट मुंबईची. गोव्याबाहेर जागा घेतली तर? एका गोवेकर बापाने आपली मुंबईतली मालमत्ता तीन मुलींपैकी एकीला मृत्युपत्राने दिली होती. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये निकाल लागला: माणूस गोव्याचा रहिवासी असेल, तर भारतात कुठेही असलेल्या त्याच्या मालमत्तेला गोव्याचाच वारसा कायदा लागू. पोर्तुगीज संहिता थेट मुंबईत पोचली!

एवढं करूनही भावंडांचं जमलं नाही, तर कोर्टात इन्व्हेंटरी होते. घर, बागायत, दागिने, कर्ज, सगळ्याची यादी बनते. मग वारसांचा आपसांत लिलाव. बाहेरच्या माणसाला बोली लावता येत नाही. समजा तीन भावंडं आहेत, वाटायला एकच घर आहे आणि यादीत त्याची किंमत ६० लाख धरली आहे. धाकटी बोली चढवत ९० लाखांवर नेते आणि जिंकते. आता प्रत्येकाचा हिस्सा ३० लाखांचा झाला. तिने दोन्ही भावांना तीस-तीस लाख द्यायचे आणि घर घ्यायचं. किती चलाख रचना आहे पाहा! किंमत पाडून बोलणाऱ्याच्या हातून घर जातं. ज्याला घर सोडायचं आहे त्याला ते चढ्या भावात जाणं फायद्याचं, ज्याला राहायचं आहे त्याला खरा भाव मोजावा लागतो. आणि तुळशीवृंदावनाच्या मधोमध भिंत घालायची वेळ येत नाही.

गोव्यात जुनं घर घ्यायचा बेत असेल, तर जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरची नावं वाचून थांबू नका. मूळ मालकाच्या सगळ्या वारसांची यादी मागा आणि, वारसाच्या वाट्यातही निम्मा जोडीदाराचा असल्याने, प्रत्येकापुढे नवऱ्याची किंवा बायकोची सही आहे का पाहा. थोरल्या मुलीच्या नवऱ्याची सही राहिली असेल, तर विसार देऊ नका.