शिक्षा भोगलेल्याला वकिलीची सनद मिळते का?



शेलूबाजारजवळच्या पारधी बेड्यावरचा एक तरुण मध्यंतरी माझ्याकडे आला. बी.ए. झालेला, पण चोरीच्या गुन्ह्यात सहा महिने शिक्षा भोगून गेल्या वर्षी सुटलेला. "भाऊ, मले वकील व्हाचं हाय. जेलात गेलेल्याले सनद भेटते का?" कोणी त्याला म्हणाले होते, नाद सोड. दुसऱ्याने सांगितले होते, अर्जात शिक्षा लिहूच नको. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टचे कलम 24-अ असे सांगते: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची वकील म्हणून नोंदणी होत नाही. चोरी साधारणपणे यातच मोडते. पण ही बंदी जन्मभराची नाही. सुटकेला दोन वर्षे झाली की ती संपते. पदवीनंतरचा एलएल.बी. अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. म्हणजे या तरुणाची मुदत शिकता शिकताच सरेल. न्यायालयाने 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्याला तर ही बंदी लागूच होत नाही. हे कलम दोषी ठरलेल्यांविषयी आहे. नुसता गुन्हा दाखल होणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे.

मात्र बार कौन्सिल विचारील ते खरे सांगावे. महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेली नोंदणी कलम 26 खाली पुढे रद्द होऊ शकते. शिक्षेपेक्षा लपवणेच महागात पडते.

मुंबईचे शाहिद आझमी टाडाच्या खटल्यात तिहार तुरुंगात होते. तुरुंगातच त्यांनी शिक्षण पुढे चालू ठेवले आणि सुटल्यावर ते वकील झाले. गरीब आरोपींचे खटले त्यांनी लढवले. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यातील कार्यालयात त्यांचा खून झाला.

इंग्रजांच्या 1871 च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा 1952 मध्ये गेला, पण पारध्यांवरचा संशय गेला नाही. म्हणूनच बेड्यावरचा एक तरी माणूस कोर्टात वकिलाच्या जागी उभा राहणे गरजेचे आहे.

त्या तरुणाने प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे. आपल्या मंडळीत कोणी वकील असतील, तर त्यांनी त्याला मार्गदर्शन करावे, ही विनंती. पैशाइतकीच त्याला या सोबतीची गरज आहे.