पाच मिनिटांच्या वाटेचे गाव

अमेरिकेत रस्त्याने कोणी पायी चालताना दिसला, तर बिचाऱ्याची गाडी बंद पडली असेल असे लोक समजतात, असे तिकडे राहून आलेली मंडळी थट्टेने सांगतात. थट्टा बाजूला ठेवली तरी खरे एवढे आहे की, दुसऱ्या महायुद्धानंतर त्या देशातली वस्ती मोटारीच्या हिशेबाने वाढली. घर एकीकडे, दुकान चार मैलांवर, शाळा तिसरीकडे. मिठाची पुडी आणायची तरी गाडीला चावी लावायची. अशा देशात १९८१ साली एका माणसाने समुद्रकाठी पायी फिरण्याजोगे गाव वसवायला घेतले. त्या गावाचे नाव सीसाइड. आज जगभरचे नगररचनाकार ते पाहायला जातात. आपल्या किनारपट्टीवर जमिनींचे व्यवहार ज्या वेगाने चालले आहेत, ते पाहता या गावाची हकीगत आपल्या वाचकांनी समजून घ्यावी अशी आहे. त्यात घेण्यासारखे पुष्कळ आहे आणि सावध होण्यासारखेही.

सीसाइड आहे फ्लोरिडा राज्यात, मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर काठावर, वॉल्टन परगण्यात. तिथली पुळण साखरेसारखी पांढरी. जमीन मात्र रेताड, खुरट्या ओकची आणि बुटक्या ताडांची. शेतीच्या दृष्टीने टाकाऊच. बर्मिंगहॅमच्या स्मोलियन नावाच्या एका दुकानदाराने १९४६ साली तिथे ८० एकर जागा घेऊन ठेवली. आपल्या दुकानातल्या नोकरमाणसांसाठी सुट्टीत राहायची सोय करावी, असा त्याचा बेत होता. तो काही तडीस गेला नाही. पुढे ती जागा नातवाकडे, रॉबर्ट डेव्हिसकडे आली.

वारसाने आलेली समुद्रकाठची जमीन! आपल्याकडे असे झाले की पहिला प्रश्न ठरलेला, ‘काय हो, गुंठ्याला काय भाव?’ तिकडेही निराळे नव्हते. शेजारच्या किनाऱ्यांवर तेव्हा उंच उंच इमारती उठत होत्या. पुढे समुद्र, मागे गाड्यांचे मैदान आणि मध्ये फ्लॅटांची भिंत. मागच्या जमिनीवरच्या माणसाला समुद्र दिसायचाच नाही. डेव्हिसलाही ८० एकर तशीच विकता आली असती. त्याने आधी गावे पाहिली. बायकोला, डॅरिलला, बरोबर घेऊन तो दक्षिणेकडच्या जुन्या लहान गावांतून हिंडला. लोक घरे कशी बांधत, पडवी किती रुंद ठेवत, रस्ता केवढा, झाडे कुठे, हे त्या दोघांनी बघितले. मायामीचे तरुण वास्तुकार जोडपे आंद्रेस दुआनी आणि एलिझाबेथ प्लेटर-झायबर्क यांनी त्यावरून गावाचा आराखडा केला.

आराखड्यातली मुख्य गोष्ट साधी होती. मधल्या चौकापासून गावाच्या कडेपर्यंत माणूस रमतगमत पाच मिनिटांत पोचला पाहिजे, म्हणजे सुमारे ४०० मीटर. तेवढ्यात दुकान, टपाल कचेरी, पुस्तकांचे दुकान, खाणावळ, सगळे यायला हवे. बस्स, एवढेच. आता कोणी म्हणेल, यात एवढे कसले शहाणपण? आमचे गुहागर काय निराळे आहे? मध्ये रस्ता, दोन्ही अंगांना घरे, घरामागे नारळी-पोफळीची वाडी आणि पश्चिमेच्या वाड्या संपल्या की पुळण. म्हणणे खोटे नाही. फरक इतकाच की, आपल्याकडे हे पिढ्यान्पिढ्यांच्या राहणीतून झाले आणि त्यांना ते नियम लिहून करावे लागले.

एका कागदावरचे नियम

ते नियमही पाहण्यासारखे आहेत. सगळी नियमावली एका मोठ्या कागदावर तक्त्यासारखी मांडलेली. कोणत्या रस्त्यावरच्या घराने किती मागे सरावे, किती उंच जावे, हे चित्रांनी दाखवलेले. घराला रस्त्याच्या बाजूने पडवी हवीच. पडवीत बसलेला माणूस आणि रस्त्याने जाणारा माणूस यांना ओरडावे न लागता बोलता यावे, असा त्यामागचा हेतू. पुढच्या बाजूला पांढरे लाकडी कुंपण हवे, पण त्याचा नमुना त्या रस्त्यावरच्या दुसऱ्या कुठल्याही कुंपणासारखा नको! हिरवळीचे गालिचे नकोत. त्या रेताड जमिनीत आपोआप येणारी झाडेझुडपेच राखायची, म्हणजे पाणी शेंदत बसायला नको. छपरावर बारीकसा मनोरा उभारायला मुभा, कारण मागच्या रांगेतल्या घरालाही त्यावरून समुद्र दिसावा.

घरांच्या मागच्या अंगाने, दोन कुंपणांच्या मधून, वाळूच्या अरुंद पायवाटा सोडल्या आहेत. लेओन क्रिये नावाच्या जाणत्या वास्तुकाराने ही कल्पना सुचवली असे सांगतात. त्याने स्वतःचे घरही या गावात बांधले. या वाटांवरून मुले अनवाणी समुद्राकडे पळतात. गडग्यांच्या मधून जाणारी आपली पाखाडी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वर्णन वाचून हसूच येईल. पण अमेरिकेतल्या नव्या वसाहतीत मोटार शिरू शकत नाही अशी वाट मुद्दाम ठेवणे, ही तेव्हा धाडसाची गोष्ट होती.

सर्वांत महत्त्वाचे पुढे आहे. समुद्राला लागून असलेली जागा सर्वांत महाग, तीच आधी विकावी, असा जगाचा रिवाज. इथे पुळणीवर घरांची सलग भिंत उठू दिली नाही. प्रत्येक गल्ली जिथे समुद्राशी संपते तिथे एक मांडव बांधला, लाकडी, पांढरा, प्रत्येक वेगळ्या धाटणीचा. त्या मांडवातून उतरून गल्लीतले सगळे लोक पुळणीवर जातात. परिणाम असा की, समुद्रापासून लांब असलेल्या भूखंडालाही किंमत आली, कारण समुद्र त्याच्याही वाट्याला होता. आपल्याकडे रस्त्यालगतचा एक तुकडा एकाला विकला, त्याने चिऱ्याचे कुंपण घातले आणि मागच्या आठ घरांची समुद्राची वाट तुटली, असे किती ठिकाणी झाले आहे ते ज्याच्या त्याच्या गावाला ठाऊक.

गाव एकदम उठले नाही. आधी दोन घरे, मग चार. कर्जाचा डोंगर करून सगळे एका दमात बांधायचे नाही, हे डेव्हिसने कटाक्षाने पाळले. डॅरिलने शनिवारी रस्त्याकडेला भाजीपाल्याचा बाजार मांडला. घरे बोटांवर मोजण्याइतकी असताना हा बाजार! पण येणारा-जाणारा थांबायला लागला आणि पुढे त्या बाजाराची कायमची दुकाने झाली. आठवडा बाजार आधी आणि गाव मागाहून, हा आपल्याकडचाही जुना क्रम आहेच.

४ ऑक्टोबर १९९५ रोजी ओपल नावाचे चक्रीवादळ त्या किनाऱ्यावर आदळले. आसपास मोठी नासधूस झाली. सीसाइडची घरे वाळूच्या उंचवट्यांच्या मागे होती, ती उभी राहिली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या बागा ज्यांनी आडव्या झालेल्या पाहिल्या, त्यांना वाळूचे उंचवटे, मर्यादवेल, केवड्याची बने यांचा उपयोग कोणी सांगायला नको. पर्यटकाला समुद्र नीट दिसावा म्हणून हेच आधी सपाट केले जाते, हा भाग निराळा.

नाव झाले आणि भाव चढला

इथवरची कथा ऐकायला गोड आहे. गावाचे नाव झाले. इंग्लंडचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांनी त्याची वाखाणणी केली आणि क्रियेच्याच आराखड्यावर तिकडे पाउंडबरी वसवायला घेतले. १९९३ साली अमेरिकेत या विचाराच्या मंडळींची संस्था निघाली. १९९८ साली ‘द ट्रुमन शो’ हा चित्रपट आला. त्यात नायक ज्या खोट्या, अतिनीटनेटक्या गावात राहतो, ते चित्रीकरण सीसाइडमध्येच झालेले. गावाच्या मंडळींना ते कितपत रुचले असेल कोण जाणे, पण जाहिरात फुकट झाली. त्याच किनाऱ्यावर रोझमेरी बीच, वॉटरकलर, ॲलिस बीच अशी त्याच धर्तीची गावे एकामागून एक उठली.

सुरुवातीला सीसाइडमध्ये १५ हजार डॉलरच्या आसपास भूखंड मिळत होता. शाळामास्तराला, लहान दुकानदाराला कर्ज काढून परवडेल असा तो भाव होता. आज तिथली घरे लाखांत नव्हे, कित्येक दशलक्ष डॉलरला जातात. तीनशेच्या वर घरे आहेत, पण बहुतेक घरांचे मालक दूरच्या शहरात. घर आठवड्याच्या बोलीने पाहुण्यांना भाड्याने. आपल्याकडच्या बंद घरांत निदान गणपतीला दिवा लागतो. तिथे रोज दिवा लागतो, पण माणसे दर शनिवारी बदलतात. पडवी नियमाप्रमाणे आहेच. तिच्यात बसलेल्याला रस्त्याने जाणारा ओळखीचा असेल याची खात्री नाही.

मग त्या गावात काम कोण करते? खाणावळीत वाढणारे, खोल्या झाडणारे, कुंपणाला रंग देणारे, दुकानात उभे राहणारे? ते तिथे राहत नाहीत. त्यांना ते परवडण्याजोगे नाही. त्यांतले बरेचसे खाडीपलीकडून, फ्रीपोर्ट आणि डिफ्युनियाक स्प्रिंग्जच्या बाजूने, लांब पूल ओलांडून मोटारीने येतात. संध्याकाळी पुन्हा तसेच परत. म्हणजे ज्या गावात चालण्याला एवढे महत्त्व, तिथे चालायला मिळते ते पाहुण्याला. गाव चालवणाऱ्याच्या वाट्याला तासन्तास गाडी. वॉल्टन परगण्याची लोकसंख्या २००० साली ४० हजारांच्या थोडी वर होती, ती २०२० साली ७५ हजारांच्या पुढे गेली. गावांना जोडणारा किनाऱ्याचा रस्ता जुनाच, दुपदरी. हंगामात त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात. रस्त्याच्या कडेने सुमारे ३० किलोमीटरची सायकलवाट आहे म्हणून तेवढे तरी बरे.

आराखडा करणाऱ्यांची यात चूक म्हणावी का? माझ्या मते पुरती नाही. अशी गावे अमेरिकेत पुष्कळ असती, तर एका गावावर सगळ्यांची उडी पडली नसती. पण एक गोष्ट त्या एका कागदावर नव्हती. कुंपणाचा नमुना होता, छपराचा पत्रा होता. गावात राबणाऱ्याच्या घरासाठी जागा राखून ठेवण्याचा नियम नव्हता. चौकाच्या दुकानांवर राहायच्या लहान खोल्या काढल्या, त्यांनाही पुढे पाहुणेच मिळाले. शिवाय गाव म्हटले तरी त्याला स्वतःची ग्रामपंचायत नाही. कायद्याने ती परगण्यातली एक वस्तीच आहे. निर्णय घरमालकांचे आणि परगण्याचे. घर नसलेल्याला मत मांडायला चावडी कुठली?

पुळण कोणाची?

भाव चढला तसा पुळणीवरच वाद उभा राहिला. फ्लोरिडात भरतीच्या सरासरी रेषेखालची ओली वाळू सरकारी. तिच्या वरची कोरडी वाळू कित्येक ठिकाणी घरमालकाच्या खरेदीखतात. पिढ्यान्पिढ्या लोक तिथे बसत होते, चटया टाकत होते, कोणी विचारत नव्हते. वाळूला सोन्याचा भाव आल्यावर दोऱ्या आणि पाट्या लागल्या. वॉल्टन परगण्याने लोकांची जुनी वहिवाट मान्य करणारा ठराव केला, तर २०१८ साली राज्याच्या नव्या कायद्याने तो बाद ठरला. यापुढे वहिवाट सिद्ध करायची तर प्रत्येक ठिकाणासाठी कोर्टात जावे, असे ठरले. लोक सात वर्षे झगडले. अखेर २०२५ साली राज्याने तो कायदा मागे घेतला. त्या मधल्या वर्षांत एकाच पुळणीवर एका बाजूला छत्र्या नि खुर्च्या, दुसऱ्या बाजूला ‘खासगी जागा’ अशी पाटी, आणि मध्ये पोलिसाला बोलावणारे दोन्हीकडचे लोक, असा प्रकार होता.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. १९९८ पासून कोकण रेल्वे सलग धावते आहे. २०२१ साली चिपीला विमान उतरले. न्याहारी-निवासाची पाटी आता आडवाटेच्या वाडीतही दिसते, आणि त्यातून घरच्या बाईच्या हाती चार पैसे येतात ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र गाड्या याव्यात म्हणून पाखाडीच्या पायऱ्या फोडून काँक्रीटचा उतार करणे, गडगा पाडून मोकळी जागा करणे, हे गावोगाव चालू आहे. पाहुणा येतो तो ज्या वाटेने चालायला, तीच आपण त्याच्या गाडीसाठी मोडतो. गावाबाहेर एखाद्या सड्यावर गाड्या थांबवून पाहुण्यांना चालत आणणे काही अवघड नाही. पाच-सात मिनिटांची तर वाट असते. सामानासाठी गावातल्याच पोराची रिक्षा आहे.

वाटांचे म्हणाल तर त्यांची नोंद असते, पण आपण ती बघत नाही. गावनकाशावर पायवाट एका तुटक रेषेने आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. समुद्राकडे जाणारी आपली वाट त्यात आहे का, हे जमीन विकण्याआधी पाहावे, आणि खरेदीखतात ती सोडून लिहून घ्यावे. शेताबागेकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मुदत मात्र सहाच महिन्यांची आहे. ‘बघू, दिवाळीनंतर बोलू’ म्हणत बसले की मुदत टळते. गावनकाशाची प्रत तालुक्याच्या भूमी अभिलेख कचेरीत अर्ज करून मिळते.