पात्याच्या मुळाशी

पणजोबांचा घडीचा चाकू माझ्या हाती आला तेव्हा तो उघडतच नव्हता. रत्नागिरीच्या घरी देवघराखालच्या कप्प्यात, कातडी पाकिटात घालून, कुणीतरी तो फार जपून ठेवला होता. नेमकं त्या पाकिटानंच घात केला. कातडं ओल धरतं, ते कमावताना वापरलेल्या द्रव्यांचा अंश त्यात उरतो आणि पोलादाला दोन्ही बाधतात. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांवर गेली की गंज झपाट्यानं धरतो. कोकणात तर पावसाळाभर ती त्याहून वरच असते.

पणजोबा खोतांकडे कारकून. दप्तर मोडीत, लिहायचं बोरूनं. बोरूचं टोक बोथटलं की तिरकं छाटायचं, मधोमध चीर द्यायची आणि पुन्हा लिहायला बसायचं. दिवसातून कितीदा तरी हे काम याच चाकूनं होई.

पक्कड लावून पातं ओढावं, असं घरातल्या प्रत्येकानं सुचवलं. मी ऐकलं नाही. जुन्या चाकूची नखाची खाच अशा ओढाताणीत तुटते, नाहीतर पाठीची स्प्रिंग तडकते. सुईच्या टोकानं सांध्यात रॉकेलचे थेंब सोडत राहिलो. मूठ सांबरशिंगाची, म्हणून तिला थेंबही लागू दिला नाही. चौथ्या दिवशी पातं केसभर हललं.

सांध्यातली घाण बांबूच्या काडीनं काढली. तांबड्या गंजाचे पापुद्रे पितळेच्या बोथट पट्टीनं खरवडले. पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे पात्यावर चरा उठत नाही. मग पात्याच्या मुळाशी, सांध्याला लागून, अक्षरं दिसू लागली. आधी चांदणी आणि माल्टीज क्रूस, मग मुकुटाच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’, खाली जोसेफ रॉजर्स अँड सन्स, शेफील्ड, इंग्लंड.

चांदणी-क्रूसाची ही खूण शेफील्डच्या कटलर्स कंपनीनं रॉजर्सना १७६४ साली दिली. कटलर्स कंपनी म्हणजे तिथल्या चाकू-सुरी कारागिरांची संघटना, १६२४ पासूनची. ‘व्ही. आर.’ म्हणजे राणी व्हिक्टोरिया, तिचं निधन १९०१ चं. आयात मालावर मूळ देशाचं नाव हवं, ही सक्ती १८९० च्या अमेरिकन कायद्यानं केली आणि त्यानंतर ‘इंग्लंड’ हा शब्द सर्रास उमटू लागला. म्हणजे चाकू बहुधा १८९१ ते १९०१ मधला. रॉजर्सच्या नकलाही पुष्कळ निघाल्या, त्यामुळे नुसत्या नावावर विसंबता येत नाही. ठशाची सुबकता आणि सांध्याची सफाईही पाहावी लागते.

मुठीचं शिंग बहुधा आपल्याकडचंच. शेफील्डचे कारागीर हिंदुस्थानातून सांबरशिंग मागवत, त्याच्या मुठी बसवत, आणि तो माल पुन्हा इकडे विकायला येई. आज ही मूठ फुटली तर दुसरी मिळणार नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि पुढच्या दुरुस्त्यांनी हा व्यापार बंद केला. म्हणून शिंगाला फक्त किंचित मेण चोळलं.

तांब्या-पितळेला चिंच लावून लख्ख करायची आपली सवय इथे घातक ठरते. हॅरी ब्रिअर्ली यांचं न गंजणारं पोलाद शेफील्डमध्येच निघालं, पण १९१३ साली. आपल्या पणजोबांच्या काळातलं पातं साधं कार्बन पोलादाचं. आंबट पदार्थ त्याला खातात. तांबडा गंज सुटा असतो, ओल धरतो, तो काढायलाच हवा. पण वापरानं चढलेली काळपट-निळसर झाक घट्ट बसलेली असते आणि खालच्या पोलादाला थोडंफार राखते. ती घासून काढली की पातं उघडं पडतं.

माझ्या एका काकांनी असाच एक चाकू हौसेनं फिरत्या चाकावर धार लावायला दिला होता. परत आला तो चकचकीत होऊन, आणि मुळाशी अक्षरांच्या जागी सपाट पोलाद. कडेला निळा पट्टा उमटलेला. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की तसा निळा रंग येतो आणि कडेचं पाणी उतरतं. पुढे त्या चाकूनं साधी पेन्सिलही नीट तासता येईना. काकांनी तो कुणाला दाखवला नाही.

आमच्या चाकूला मी बारीक दगडावर, तेल घालून, हातानंच चार-सहा वेळा धार फिरवली. आता सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब असतो आणि चाकू सुती फडक्यात, पाकिटाबाहेर. खोबरेल मी लावत नाही, ते कालांतरानं चिकटतं.

पातं टोकाकडे एका बाजूनं झिजून आत वळलं आहे. ती झीज सरळ करून घ्या, असं एका जाणकारानं सांगितलं होतं. परवा बोरू आणून छाटायला बसलो. अंगठा बोरूखाली गेला, पातं तिरकं टेकलं, आणि बोरूची गोलाई त्या वळणात नेमकी बसली.