उतारवयातील ताप आणि फुफ्फुसाचा दाह

पेण तालुक्यातील जोहे, हमरापूर ही गावे गणेशमूर्तींमुळे सर्वांच्या परिचयाची आहेत. शाडू, प्लास्टर आणि रंग यांत हयात घालविलेल्या साठीच्या कारागिरास खोकला लागला, म्हणजे आपण म्हणतो, ‘धूळ बाधली.’ अंगात कसर राहू लागली, की क्षयाची शंका येते. हे दोन्ही तर्क वावगे नव्हेत. परंतु उपचार करूनही ताप हटत नसेल, तर आणखी एका विकाराचा विचार केला पाहिजे. त्याचे नाव वेक्सास. अमेरिकेतील संशोधकांनी तो २०२० साली प्रथम वर्णिला.

कारखान्यात तडा गेलेली मूर्ती खूण करून बाजूस काढतात. आपल्या पेशीतही निकामी प्रथिनांवर अशी खूण घालावी लागते. यूबीए१ नावाच्या जनुकात बिघाड झाला, की हे काम अडते आणि अस्थिमज्जेत जन्मणाऱ्या पांढऱ्या पेशी विनाकारण चवताळतात. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, आणि पुरुषाजवळ ते गुणसूत्र एकच. म्हणून रोगी बहुधा पन्नाशी ओलांडलेले पुरुषच आढळतात. बिघाड उतारवयात उपजतो. तो मुलाबाळांकडे जात नाही.

फुफ्फुसांवर याचा घाला तीन प्रकारे होतो. क्ष-किरण चित्रात डाग दिसतात. आवरणात पाणी साचते. किंवा शिरेतील रक्ताची गुठळी फुफ्फुसात जाऊन अडकते. जोडीला कानाच्या वा नाकाच्या कूर्चेस सूज, अंगावर चट्टे आणि रक्तक्षय असतो. या रक्तक्षयात तांबड्या पेशी घटतात, पण आकाराने मोठ्या होतात.

खरा पेच पुढेच आहे. स्टेरॉइडने ताप झटकन उतरतो. मात्र क्षय किंवा दुसरा जंतुसंसर्ग लपलेला असेल, तर तो उफाळतो. उलट, क्षय नसता त्याचीच औषधे महिनोन्‌महिने घेतली, तर मूळ दाह वाढत राहतो. म्हणून आधी थुंकीची तपासणी, मग रक्ताची, आणि शंका उरल्यास जनुकाची, हाच क्रम योग्य. रुक्सोलिटिनिब, अझासिटिडीन ही औषधे काहींना उपयोगी पडतात. निवडक रोग्यांत अस्थिमज्जारोपण करतात.

अमेरिकेतील २०२३ च्या एका पाहणीत पन्नाशीपुढील सुमारे चार हजार पुरुषांत एकास हा बिघाड आढळला. तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांचे जुने रक्ताचे कागद जपून ठेवावेत, ते सारे एकत्र डॉक्टरांस दाखवावेत, आणि स्टेरॉइड मनाने कधीही घेऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.