मेळघाटचा मुक्काम: ओळख लागत नाही, ताट मात्र आधी सांगावं लागतं

दिवाळीची सुट्टी लागली की जालन्यातून गाड्या मेळघाटाच्या दिशेने सुटतात. डिकीत नवाकोरा तंबू, छोटा गॅस, कोळशाची शेगडी, मसाला लावून ठेवलेलं चिकन. खोलीचं विचारलं तर दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, ‘साहेबांना फोन लावलाय, होऊन जाईल.’ दुसरं, ‘नाहीच जमलं तर तंबू आहेच.’ ही दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि ती चुकीची आहेत हे बहुतेकांना संध्याकाळी, नाक्यावर गाडी अडवली गेल्यावर कळतं.

मुळात राष्ट्रीय उद्यान नेमकं कुठे आहे, इथूनच घोळ सुरू होतो. जालना जिल्ह्यातच काय, अख्ख्या मराठवाड्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही. राज्यात ती सहा आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचं संजय गांधी. जालनेकराला त्यातलं सर्वांत जवळचं गुगामल. हे नाव फारसं कुणाच्या तोंडी नाही, कारण ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पोटात आहे. मेळघाट हा 1973-74 मध्ये देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि गुगामल त्याचा 361 चौरस किलोमीटरचा गाभा. ‘आम्ही मेळघाट पाहून आलो’ म्हणणारे बरेच जण प्रत्यक्षात चिखलदऱ्याचे पॉइंट बघून परतलेले असतात. त्यात वाईट काही नाही, पण चिखलदऱ्यात हॉटेलं भरपूर आहेत म्हणून जंगलातही असतील असं समजणं अंगाशी येतं.

राहण्याची सोय ओळखीशिवाय होत नाही, हा समज सर्वांत चिवट. त्याला जुनं कारण आहे. सरकारी विश्रामगृह म्हणजे दौऱ्यावरच्या अधिकाऱ्यांसाठी, तिथे खानसामा, सोबत नेलेला शिधा आणि वरून आलेली चिठ्ठी, असा अनुभव दोन पिढ्यांनी घेतला आहे. आता मात्र दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. बांधकाम खात्याचं विश्रामगृह आजही आधी अधिकाऱ्यांसाठीच असतं. वनविभागाची पर्यटन संकुलं वेगळी. सेमाडोह, सिपना नदीकाठचं कोलकास, नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याचं शहानूर, ही ठिकाणं सर्वसामान्यांसाठी आहेत आणि त्यांचं आरक्षण ऑनलाइन होतं. तिथे कुणाचा फोन लागत नाही. लागते ती पावती, मूळ ओळखपत्र आणि गाडीचा नंबर. खोल्या मोजक्या असतात, म्हणून दिवाळी, नाताळ आणि मोठ्या शनिवार-रविवारच्या तारखा लवकर संपतात. खोली न मिळण्यामागचं खरं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, गाभ्यातली सफारी बंद असते. नेमक्या त्याच दिवसांत चिखलदरा धुक्याने आणि माणसांनी भरलेला असतो, हेही लक्षात ठेवावं.

खोली मिळाली म्हणजे सफारी मिळाली, असंही नाही. दोन्हींचं आरक्षण वेगळं, पैसे वेगळे, आणि प्रवेशद्वारही वेगळं असू शकतं. शहानूरला मुक्काम आणि सेमाडोहची सफारी अशी जोडी नकाशावर जवळची वाटते. प्रत्यक्षात मध्ये डोंगर उभे आहेत आणि रस्ता लांबून वळसा घेतो. आधी दार ठरवावं, मग त्याच्या जवळची खोली.

आता तंबू. परदेशातले व्हिडिओ पाहून अनेकांच्या मनात एक चित्र पक्कं बसलेलं असतं: तळ्याकाठी तंबू, समोर शेकोटी, वर तारे. पण त्या देशांतही कुठेही तंबू ठोकता येत नाही. 1872 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या यलोस्टोनमध्ये तंबूसाठी नेमून दिलेली मैदानं आहेत, आतल्या रानात रात्र काढायची तर वेगळा परवाना घ्यावा लागतो, आणि अस्वलांमुळे खाणं तंबूत ठेवण्याची परवानगी नसते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगरमध्ये स्वतःची गाडी घेऊन फिरता येतं, पण ठरलेल्या वेळेच्या आत कुंपणाच्या छावणीत परतावंच लागतं. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरण्यासाठी आणि राहण्यासाठी त्याच्या कलम 27 आणि 28 नुसार परवानगी लागते. मेळघाटात तंबू ठोकायचा तर तो नेमून दिलेल्या जागेत, संकुलाच्या हद्दीत. नदीच्या वाळूत किंवा घाटातल्या वळणावर स्वतःचा तंबू उभारणं म्हणजे बेकायदा प्रवेश.

‘पण रस्ता तर सार्वजनिक आहे,’ असं यावर हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. सार्वजनिक हमरस्त्याने अभयारण्यातून पार होणाऱ्याला परवाना लागत नाही. कायद्यात तशी सूट आहे. ती सूट जाण्यापुरती आहे, उतरून चटई अंथरण्यासाठी नाही. याचं उदाहरण पाहायला मेळघाटापर्यंत जायची गरज नाही. जालन्याहून चिखली, बुलढाणा ओलांडून खामगावकडे निघालं की बोथ्याच्या घाटात दोन्ही बाजूंना ज्ञानगंगा अभयारण्य लागतं. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरुण वाघ शेकडो किलोमीटर चालून डिसेंबर 2019 मध्ये याच जंगलात पोचला होता. त्याच रस्त्याच्या कडेला थांबून डबे उघडणारी कुटुंबं दिसतात. उरलेल्या पोळीसाठी वानरं रस्त्यावर येऊन बसायला शिकतात आणि मग ट्रकखाली सापडतात.

विस्तवाचा विषय मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. ‘दोन विटा मांडून चूल पेटवली तर काय बिघडतं?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा मार्च महिन्यात सागवानाखाली उभं राहून पाहावं. पाऊल टाकलं की पापडासारखं पान मोडतं. वीतभर खोल पाचोळा, त्याखाली गवताच्या काड्या, आणि दुपारचा वारा दऱ्यांतून वर चढणारा. 15 फेब्रुवारी ते 15 जून हा राज्यात वणव्याचा हंगाम धरला जातो. त्याआधी वनमजूर मैलोन्‌मैल जाळरेषा काढतात, म्हणजे पाचोळा झाडून, जाळून मोकळा पट्टा करतात, जेणेकरून आग पलीकडे जाऊ नये. दोन विटांच्या चुलीतला एक निखारा त्या सगळ्या कष्टांवर पाणी फिरवतो. जंगलाला धोका पोचेल असा विस्तव पेटवणं किंवा पेटता सोडून जाणं वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे, आणि राखीव जंगलात विस्तवावर 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचेही निर्बंध आहेत. शेगडी आणि कोळसा घरीच ठेवलेला बरा.

मग खायचं काय? इथे लोक दोन टोकांना असतात. काहींना वाटतं जंगलात काहीच मिळत नाही, म्हणून ते चार दिवसांचा फराळ आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके लादून नेतात. काहींना वाटतं ढाब्यासारखं रात्री दहालाही गरम मिळेल. खरी गोष्ट अशी की जेवण मिळतं, पण मोजून. भाजी, तेल, पीठ परतवाड्याच्या किंवा धारणीच्या बाजारातून वर न्यावं लागतं. उपाहारगृहातला माणूस सकाळी विचारतो, ‘रात्री किती ताटं?’ आणि तेवढंच पीठ मळलं जातं. सांगितलेल्या वेळी पोचलं तर तव्यावरची पोळी, वरण-भात आणि रस्सा समोर येतो. न सांगता आठ जण उगवले तर स्वयंपाकघरात भांडी घासून पालथी घातलेली असतात. यात आदरातिथ्य कमी पडत नाही. शिल्लक अन्न ठेवणंच जंगलात परवडत नाही, कारण खरकट्याच्या वासाने रानडुकरं दाराशी येतात.

मेळघाटातल्या कोरकू आदिवासींच्या गावांमध्ये घरी रांधलं जाणारं अन्न वेगळंच असतं: मक्याची भाकरी, कुटकी, सावा, हंगामात मोह. पाहुण्याने आधी विचारलं आणि मोबदला ठरवला तर गावात जेवण मिळू शकतं. ते हक्काने मागण्याची गोष्ट नाही. सेमाडोहला दूध आटवून केलेली रबडी मात्र सहज मिळते, आणि ती चुकवू नये.

जालन्याहून जाणाऱ्याने वाटेचाही विचार करावा. समृद्धी महामार्गाने अंतर झपाट्याने कापलं जातं, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा मोटारसायकलवाल्यांचा बेत तिथेच बदलतो. चिखली, खामगाव, शेगाव, अकोट ही वाट शहानूरसाठी सोयीची. शेगावला गजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासं आहेत. पहिला मुक्काम तिथे करून, सकाळी कचोरी खाऊन निघालं तर दुपारच्या सफारीला धावपळ होत नाही. पेट्रोल आणि रोख पैसे अकोट किंवा परतवाड्यातच घ्यावेत. पुढे मोबाइलची रेंज दरीगणिक येते-जाते. फोनमधली पावती उघडेलच असं नाही, म्हणून आरक्षणाचा कागद छापून खिशात ठेवावा.

आणि रात्र खरोखर जंगलाच्या मध्यात काढायची असेल तर तिचाही रीतसर मार्ग आहे. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्यांवरच्या मचाणांवर निसर्गप्रेमींना बसू देतो. त्यासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते आणि मचाणं थोडी असतात. चांदण्यात पाण्यावर येणारं प्रत्येक जनावर वहीत टिपायचं, बोलायचं नाही, उजाडेपर्यंत खाली उतरायचं नाही. तिथे ना तंबू लागतो ना शेकोटी. पाण्याची बाटली, गडद रंगाचे कपडे आणि पहाटेच्या गारठ्यासाठी एक शाल पुरते.