पत्रकार-संरक्षण : संकल्पना, उगम आणि महाराष्ट्राचा कायदा

वृत्तसंकलनाच्या कामामुळे पत्रकारावर ओढवणारी हिंसा, धमकी, पाळत आणि मालमत्तेची हानी यांपासून त्याचा बचाव करणे, आणि असे कृत्य घडलेच तर अपराध्याला शिक्षा होईल अशी व्यवस्था उभारणे, याला पत्रकार-संरक्षण म्हणतात. या व्याख्येत ‘कामामुळे’ हा शब्द कळीचा आहे. शेताच्या बांधावरून पत्रकाराला मारहाण झाली, तर तो सामान्य फौजदारी गुन्हा ठरतो. तीच मारहाण छापून आलेल्या बातमीवरून झाली, तर पुढची बातमी वाचकांपर्यंत पोहोचेल की नाही, हाही प्रश्न उभा राहतो.

या धोक्यांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात. पहिला शारीरिक : मारहाण, अपहरण, खून. दुसरा धाकाचा : दूरध्वनीवरची धमकी, घरच्या माणसांचा सूचक उल्लेख, कॅमेऱ्याची मोडतोड, कार्यालयावर चालून जाणे. तिसरा अंकीय (डिजिटल) : भ्रमणध्वनीत हेरगिरीची प्रणाली शिरवणे, घरचा पत्ता समाजमाध्यमांवर उघड करणे, महिला पत्रकारांविरुद्ध अश्लील मजकुराची मोहीम चालवणे. चौथा विधिविषयक : अवाच्या सवा रकमेचे बदनामीचे दावे आणि एकाच मजकुराबद्दल निरनिराळ्या गावी दाखल होणाऱ्या तक्रारी.

यांपैकी चौथ्या प्रकाराचा अनुभव मराठी पत्रसृष्टीला फार जुना आहे. पहिले मराठी वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले आणि अर्धशतकानंतर, १८८२ साली, कोल्हापूरच्या दिवाणांनी केलेल्या बदनामीच्या खटल्यात संपादक टिळक आणि आगरकर यांना शिक्षा होऊन त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. त्या काळी संपादकाची कायद्याशी गाठ पडे ती बहुधा आरोपी म्हणूनच. पत्रकाराने फिर्यादी म्हणून कायद्याचा आधार मागावा, ही कल्पना बरीच उशिरा रुजली.

आंतरराष्ट्रीय स्तरावर पत्रकार-संरक्षणाच्या कल्पनेला आधार मिळाला तो युद्धविषयक कायद्यात. जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या पूरक कराराच्या ७९व्या अनुच्छेदाने युद्धक्षेत्रात जोखमीचे काम करणाऱ्या पत्रकाराला नागरिकाचा दर्जा दिला. या पूरक करारासोबत ओळखपत्राचा एक नमुनाही छापलेला आहे. त्यात नाव आणि वृत्तसंस्था यांच्याबरोबर उंची, डोळ्यांचा रंग, रक्तगट आणि अंगावरची खूण यांसाठी रकाने आहेत. वाहकाला रक्त द्यावे लागेल किंवा त्याचा देह ओळखावा लागेल, ही शक्यता त्या लहानशा पत्रात गृहीत धरलेली आहे. भारत मात्र या पूरक करारात सहभागी झालेला नाही.

युद्धाबरोबरच शांततेच्या काळातील पत्रकारांसाठीही संयुक्त राष्ट्रांनी २०१२ साली कृती-आराखडा स्वीकारला. माली या देशात २ नोव्हेंबर २०१३ रोजी दोन फ्रेंच पत्रकारांची हत्या झाली, आणि तीच तारीख पत्रकारांवरील गुन्ह्यांतील दंडमुक्तीविरोधी दिन म्हणून निश्चित करण्यात आली. गुन्हेगार शिक्षेवाचून मोकळा राहणे, म्हणजे दंडमुक्ती. युनेस्कोच्या २०२४ च्या अहवालानुसार पत्रकारांच्या हत्यांची सुमारे ८५ टक्के प्रकरणे न्यायालयीन निकालापर्यंत पोहोचलेली नाहीत.

महाराष्ट्रात या प्रश्नाला तीव्रता आली ती ११ जून २०११ रोजी. गुन्हेगारी जगताचे वार्तांकन करणारे ‘मिड-डे’चे ज्येष्ठ पत्रकार जे. डे यांच्यावर त्या दिवशी पवईत, मोटारसायकलवरून जात असताना, गोळ्या झाडण्यात आल्या. विशेष मोक्का न्यायालयाने २ मे २०१८ रोजी टोळीप्रमुख छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप सुनावली. दरम्यान पत्रकार संघटनांनी स्वतंत्र कायद्याची मागणी लावून धरली होती. विधिमंडळाने एप्रिल २०१७ मध्ये तसे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळायला २०१९ उजाडले.

या कायद्याचा साचा रुग्णालयांतून आलेला दिसतो. डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी राज्याने २०१० साली जो अधिनियम केला, त्याच्या नावाची घडण आणि शिक्षेचे मान येथेही आढळते : तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असून तपास पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याने करावयाचा असतो. अपराध्याला नुकसानभरपाई आणि वैद्यकीय खर्चही द्यावा लागतो. ही रक्कम न दिल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. दुसऱ्या बाजूने, खोटी तक्रार करणारा पत्रकारही शिक्षेस पात्र असून त्याची शासकीय अधिस्वीकृती जाऊ शकते.

संरक्षण कोणाला मिळते, याचे उत्तर कायद्याच्या व्याख्येत आहे. संपादक, उपसंपादक, वार्ताहर, छायाचित्रकार यांच्याबरोबर व्यंगचित्रकार आणि मुद्रितशोधकही तीत येतात. व्यवस्थापकीय व प्रशासकीय कर्मचारी येत नाहीत. मात्र पत्रकारिता हा त्या व्यक्तीचा प्रमुख व्यवसाय असावा आणि ती एखाद्या माध्यमसंस्थेत नियमित किंवा कंत्राटी नोकरीत असावी, अशी अट आहे.

ही अट तालुक्याच्या गावी नेऊन पाहिली पाहिजे. तेथील वार्ताहर पुष्कळदा सकाळी पेपरची एजन्सी सांभाळतो, दिवाळी अंकासाठी जाहिराती गोळा करतो, शेती किंवा झेरॉक्सचे दुकान चालवतो आणि उरलेल्या वेळात बातम्या पाठवतो. नेमणुकीचे पत्र त्याच्याजवळ असतेच असे नाही. वाळूउपसा किंवा जमिनींचे व्यवहार यांविषयी लिहिणारा बहुधा हाच माणूस असतो, आणि ज्यांच्याविषयी तो लिहितो ते त्याच बाजारपेठेत त्याला रोज भेटतात.

राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला ६ फेब्रुवारी २०२३ रोजी मोटारीने धडक देऊन त्यांना चिरडण्यात आले. बारसूच्या नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पाशी निगडित त्यांची बातमी त्याच सकाळी छापून आली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. कायदा त्या वेळी अस्तित्वात होता, तरी हल्ला टळला नाही. हल्ल्यानंतर लागू होणाऱ्या कलमांइतकेच पहिल्या धमकीच्या वेळी पोलीस ठाण्यात काय घडते, यालाही महत्त्व आहे. म्हणून जाणकारांचा सल्ला साधा असतो : धमकीचा संदेश पुसू नये, तारीख-वेळ लिहून ठेवावी, तक्रार लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि संपादकाला त्याच दिवशी कळवावे. गावातला वार्ताहर कायद्याच्या लेखी पत्रकार ठरतो की नाही, हा वाद न्यायालयात होईल तेव्हा होवो. ती पोच तोवर त्याच्या खिशात असली पाहिजे.