पदे जरूर गा, पण बुद्धावरचा आरोप सिद्ध करा!

'संगीत संन्यस्त खड्ग' हे विनायक दामोदर सावरकरांचे नाटक १९३१ साली मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगमंचावर आणले. त्याची पदे रामकृष्णबुवा वझे यांच्या चालींनी घराघरांत पोचली. 'शतजन्म शोधिताना' किंवा 'मर्मबंधातली ठेव' ही पदे आजही नाट्यगीतांच्या मैफलीत फर्माईश करून गाऊन घेतली जातात. गाणारा आणि ऐकणारा, दोघांपैकी अनेकांनी मूळ नाटक पाहिलेले नसते, वाचलेलेही नसते. हे नाटक २०२५ साली पुन्हा रंगभूमीवर आणले गेले आणि बौद्ध समाजातून त्याला विरोध झाला. एका बाजूने "प्रयोग बंद पाडा" अशी मागणी झाली. दुसऱ्या बाजूने "अभिजात कलेला हात लावू नका" असा गळा काढला गेला. या गदारोळात मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. या नाटकाने तथागतांवर एक आरोप ठेवला आहे. तो खरा आहे का?

आधी नाटक काय सांगते ते पाहू. शाक्यांचा सेनापती विक्रमसिंह बुद्धाच्या उपदेशाने शस्त्र खाली ठेवतो आणि भिक्षू होतो. पुढे कोसलचे सैन्य शाक्यांवर चालून येते. विक्रमसिंहाचा मुलगा वल्लभ रणात उतरतो, त्याची पत्नी सुलोचना पुरुषवेष घेऊन त्याच्यामागे जाते, आणि अखेरीस तो वृद्ध संन्यासीच पुन्हा खड्ग उचलतो. तात्पर्य उघड आहे : बुद्धाच्या अहिंसेने राष्ट्र दुबळे केले आणि शाक्यांचा घात झाला.

हे नाटक लिहिले गेले ते वर्षही ध्यानात घ्या. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. १९३१ च्या मार्चमध्ये गांधी-आयर्विन करार झाला आणि त्याच महिन्यात भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले. देशात हिंसा-अहिंसेचा वाद पेटलेला होता. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि राजकारणात भाग न घेण्याच्या अटीने बांधलेले होते. त्यांच्या नाटकाचा रोख गांधींच्या अहिंसेवर होता, हे जाणकार मान्य करतातच. गांधींशी वाद घालण्याचा त्यांना अधिकार होता. पण गांधींवरचा खटला चालवण्यासाठी आरोपीच्या पिंजऱ्यात बुद्धाला का उभे केले? आणि उभे केले ते कसे? फिर्याद नाटककाराची, आरोपीचा जबाब नाटककाराने लिहिलेला आणि निकालही नाटककाराचाच! कोणत्याही कोर्टात असा खटला पहिल्याच तारखेला निकाली निघेल.

म्हणून पुरावा तपासू. पहिला पुरावा विनयपिटकाचा. मगधराज बिंबिसाराच्या सीमेवर बंडाळी झाली, तेव्हा मोहिमेवर निघालेल्या काही योद्ध्यांनी संघात येऊन प्रव्रज्या घेतली. बिंबिसाराने तक्रार केली. त्यावर तथागतांनी नियमच घालून दिला, की राज्याच्या सेवेत असलेल्या सैनिकाला प्रव्रज्या देऊ नये. हा नियम महावग्गात आहे. आजही उपसंपदा घेणाऱ्याला भरसंघात विचारले जाते, "तू राजसेवेत नाहीस ना?" राज्याचे सैन्य संघाने पळवू नये, याची काळजी ज्याने घेतली त्याच्यावर सैन्य पळवल्याचा आरोप!

दुसरा पुरावा महापरिनिब्बान सुत्ताचा. अजातशत्रूला वज्जींवर स्वारी करायची होती. त्याने वस्सकार ब्राह्मणाला बुद्धाकडे पाठवले. बुद्धांनी उत्तरादाखल सात गोष्टी सांगितल्या. वज्जी जोवर वरचेवर सभा भरवतात, एकजुटीने जमतात आणि एकजुटीने कामे करतात, वडीलधाऱ्यांचे ऐकतात, स्त्रियांवर बळजबरी करीत नाहीत, तोवर त्यांची हानी होणार नाही. गणराज्य कशाने टिकते याचा एवढा नेमका विचार ज्याने मांडला, त्याला राज्य बुडाले तरी पर्वा नव्हती असे कोण म्हणेल?

तिसरा पुरावा सर्वात महत्त्वाचा. शाक्यांचा नाश खरोखर कशाने झाला? ही कथा भद्दसाल जातकात आणि धम्मपदाच्या अट्ठकथेत येते. कोसलराज प्रसेनजिताने शाक्यांकडे मुलगी मागितली. शाक्यांना आपल्या कुळाचा भारी ताठा. राजाला नाही म्हणण्याची ताकद नाही, आणि मुलगी द्यायला कुळ आडवे येते. शेवटी महानाम शाक्याने आपल्याला दासीपासून झालेली मुलगी, वासभखत्तिया, राजकन्या म्हणून देऊ केली. कोसलच्या दूतांना खात्री पटावी म्हणून तिच्याबरोबर एका ताटात जेवल्याचे सोंगही त्याने केले. एक घास तोंडात टाकला, आणि ठरल्याप्रमाणे निरोप्या आला, तसे जेवण थांबले. पोटच्या मुलीबरोबर जेवायचे, तर त्याचेही सोंग!

तिचा मुलगा विडूडभ सोळा वर्षांचा झाल्यावर आजोळी गेला. त्याला नमस्कार करावा लागू नये म्हणून शाक्यांनी त्याच्याहून लहान असलेली आपली मुले गावाबाहेर पाठवली. तो निघून गेल्यावर तो बसला होता ते आसन एका दासीने दूधपाण्याने धुतले. विसरलेले शस्त्र न्यायला परत आलेल्या एका शिपायाने ते पाहिले आणि सारे प्रकरण बाहेर आले. विडूडभाने तेव्हाच शपथ घेतली, की माझे आसन यांनी दुधाने धुतले, मी ते यांच्या रक्ताने धुईन. राजा झाल्यावर त्याने शपथ पुरी केली.

वाचकहो, हे आसन धुणे तुम्हाला ओळखीचे वाटत नाही का? १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर ते तळे कशाने 'शुद्ध' केले गेले? शेण, गोमूत्र, दूध आणि दह्यानेच ना? शाक्यांच्या नाशाचे कारण बौद्ध परंपरेने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. ते कारण आहे उच्चनीचतेचा माज. बुद्धाने आयुष्यभर जी गोष्ट सोडायला सांगितली, तीच त्याच्या कुळाने सोडली नाही आणि त्याची किंमत मोजली.

वकील म्हणून विरुद्ध बाजूचा पुरावा लपवणे मला मान्य नाही. त्याच अट्ठकथेत असेही आहे की शाक्यांनी बाण सोडले, पण कोणाचा जीव घेतला नाही. नाटकाच्या बाजूने धरता येईल असा हा एक धागा आहे. पण या अट्ठकथा बुद्धानंतर सुमारे हजार वर्षांनी लिहिल्या गेल्या. शिवाय हा धागा शेवटच्या लढाईबद्दल सांगतो, युद्ध का ओढवले याबद्दल नाही. आणि बुद्ध तेव्हा काय करीत होते? तीन वेळा ते स्वतः सीमेवर, विरळ सावलीच्या झाडाखाली, येणाऱ्या सैन्यासमोर जाऊन बसले आणि तीनही वेळा विडूडभ परत फिरला, असे हीच कथा सांगते. चौथ्या वेळी ते गेले नाहीत आणि संहार झाला. चालून येणाऱ्या सैन्यासमोर निःशस्त्र बसणाऱ्याला पळपुटा म्हणायचे काय?

अहिंसेबद्दल बोधिसत्त्व बाबासाहेबांनी आपल्याला संभ्रमात ठेवलेले नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला. बुद्धाची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. सम्राट अशोकाने कलिंगानंतर पश्चात्ताप व्यक्त केला त्याच शिलालेखात अटवीतील लोकांना आपल्या सामर्थ्याची जाणीवही करून दिली आहे. आणि आमचे काय? दर १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभापुढे मान तुकवणारा, १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटचा अभिमान बाळगणारा हा समाज १९५६ नंतर दुबळा झाला, असे कोणत्या पुराव्यावर म्हणता येईल?

आरोप टिकत नाही, हे असे सिद्ध होते. मग नाटक बंद पाडायचे का? माझे स्पष्ट मत आहे : नाही.

१९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने रंगराजन प्रकरणात निकाल दिला. ज्या तमिळ चित्रपटावरून तो खटला झाला, तो राखीव जागांच्या धोरणावर टीका करणारा होता, म्हणजे आपल्याच हक्कावर. तरीही न्यायालय म्हणाले, की निदर्शनांची वा दंग्याची धमकी दिली म्हणून अभिव्यक्तीचा गळा घोटता येणार नाही. हा निकाल गैरसोयीचा वाटेल, पण त्याच तत्त्वाने आपले रक्षण केले आहे. 'रिडल्स इन हिंदुइझम' आठवा. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली बाबासाहेबांच्या वाङ्मयाच्या चौथ्या खंडात ते छापले, तेव्हा राम-कृष्णावरील परिशिष्ट वगळा म्हणून केवढे रान उठवले गेले! १९८८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या रस्त्यावर आपला समाज लाखोंनी उतरला तो कशासाठी? बाबासाहेबांचा एकही शब्द वगळला जाऊ नये म्हणून. शेवटी मजकूर राहिला आणि शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप छापली गेली. भावना दुखावतात म्हणून पुस्तक दडपता येत नाही, हे आपण तेव्हा राज्याला शिकवले. तो धडा आज आपण कसा विसरायचा? भावना दुखावल्याच्या कलमांचा फास सैल केला, तर तो सर्वात आधी आपल्याच शाहिरांच्या गळ्यात पडेल.

पण नाटक पुन्हा उभे करणाऱ्यांनीही 'अभिजात' या शब्दाआड लपू नये. जुने संगीत नाटक जसेच्या तसे आज कोणी करीत नाही. पूर्वी रात्र रात्र चालणारा खेळ आता तीन तासांत बसवला जातो. पदे गाळली जातात, प्रवेश कापले जातात, संवाद आटोपते घेतले जातात. म्हणजे काय ठेवायचे, काय काढायचे याचा निर्णय आजची माणसे घेतात, आणि त्याची जबाबदारीही आजच्या माणसांचीच. बुद्धाच्या तोंडी घातलेली वाक्ये नाटककाराची आहेत, बुद्धवचन नव्हेत, एवढी एक टीप पत्रिकेत छापली आणि पडदा उघडण्यापूर्वी सांगितली, तर सुरांचे काय बिघडणार आहे?

अमेरिकेत हा प्रश्न फार पूर्वी आला. १९२७ साली ब्रॉडवेवर आलेल्या 'शो बोट' या संगीतिकेचे संगीत अजरामर ठरले, पण तिच्या आरंभीच्या समूहगीतातच काळ्या माणसांना उद्देशून हिणकस शब्द होता. पुढच्या काळात तो पुन्हापुन्हा बदलावा लागला. तिचे सर्वात गाजलेले गीत गाणारे पॉल रॉबसन यांनी पुढे आपल्या मैफलींत त्याचे शब्दच बदलले आणि हताशेचे गाणे लढ्याचे केले. १९९३ साली टोरांटोत ती पुन्हा उभी राहिली, तेव्हा काळ्या समाजाने निदर्शने करून आपला आक्षेप नोंदवला. प्रयोग झाले, पण प्रश्न विचारले गेल्यावाचून झाले नाहीत.

आणि या सुरांचा मालक कोण? दीनानाथांच्या आई येसूबाई गोव्याच्या कलावंत समाजातल्या. ज्या स्त्रियांना देवळाच्या नावाने पिढ्यान् पिढ्या राबवले, त्यांनी ही गायकी सांभाळली. संगीत नाटकाच्या आरंभकाळच्या पदांत लावणीच्या चाली आहेत आणि त्या तमासगिरांच्या फडातून आल्या. तेव्हा हे संगीत आपल्यालाही परके नाही. ते ऐकायला, गायला आपल्याला कोणाची परवानगी नको.

प्रश्न हा आहे, की पुनरुज्जीवन नेहमी कोणाचे होते? महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले आणि त्यांच्या हयातीत त्याचा प्रयोग झाला नाही. 'संन्यस्त खड्ग' आले त्याच दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार जलसे घेऊन गावोगाव हिंडत होते. त्या गाण्यांच्या चाली किती जणांच्या कानात शिल्लक आहेत? भारतीय नाटकाचे हाती आलेले सर्वात जुने हस्तलिखित अवशेष बौद्ध अश्वघोषाच्या नाटकांचे आहेत, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

म्हणून आपल्या नाटककारांना, शाहिरांना माझे सांगणे आहे. नाट्यगृहाच्या दारात घोषणा देण्यात एक संध्याकाळ जाते. त्यापेक्षा वासभखत्तियेचे नाटक लिहा. पोटच्या मुलीबरोबर जेवल्याचे सोंग करणारा बाप, दासीची मुलगी म्हणून फसवून दिलेली राणी, दुधाने धुतलेले आसन आणि सैन्यासमोर विरळ सावलीत बसलेले तथागत, एवढे जबर नाट्य दुसरे कोणते? त्याला जलशाची चाल द्या, नाट्यपदाची द्या, नाहीतर दोन्ही द्या. समोरच्यांचे नाटक चालू द्या आणि शेजारच्या नाट्यगृहात आपल्या नाटकाची तिकीटविक्री सुरू करा. दोन्ही पाहून उठलेला प्रेक्षक शाक्यांना कोणी मारले याचा निवाडा स्वतः करील.

जयभीम!